खिडकीला ग्रिल का नाही?

पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्यासारखंच जोखमीचं काम आहे. चांगलं निघालं तर वाचणाऱ्याची पारख दांडगी. वाईट निघालं तर मध्यस्थाच्या सात पिढ्यांचा उद्धार. हे माहीत असूनही भिलाईजवळच्या जामुलमधल्या तमाम मराठी मंडळींच्या मागे मी सध्या एका पुस्तकासाठी लागलो आहे. विनोदकुमार शुक्लांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही कादंबरी १९९७ साली आली, १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लेखकाचा जन्म राजनांदगावचा, घर रायपूरला, आणि मधे आपलं भिलाई. असा लेखक चुकवायला खरं तर कसब लागतं. ते आपण कमावलेलं आहे.

गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. रघुवर प्रसाद नावाचे तरुण गणिताचे प्राध्यापक एका खोलीत भाड्याने राहतात. सोनसी ही नवी नवरी. कॉलेजला जायला टेम्पोची मारामार, तर रस्त्यात एक साधू भेटतो आणि चक्क हत्तीवरून सोडू लागतो. खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून दोघं पलीकडे उतरतात. तिथे सारवलेली पायवाट, तळं, नदी, आणि चहा पाजणारी एक म्हातारी. झालं. खून नाही, खटला नाही, वाटणीवरून भांडण नाही. मराठी माणसाने वाचावं तरी काय?

पहिला आक्षेप आला आमच्या वास्तुवाल्या भाऊजींचा. खिडकी कुठल्या दिशेला, ते लेखकाने नीट सांगितलेलं नाही. ईशान्येला असेल तर तळं शुभ, पण नैर्ऋत्येला असेल तर त्या जोडप्याने खोली ताबडतोब सोडावी. भाऊजींनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं. मुखपृष्ठ फक्त होकायंत्रासारखं फिरवून पाहिलं. दुसरे गृहस्थ प्लॉटच्या धंद्यातले. एका खोलीच्या भाड्यात नदी, तळं आणि पायवाट मिळते हे ऐकून ते खुर्चीवरून उठलेच. सातबारा कुणाच्या नावावर, असं त्यांनी विचारलं. इथे सातबारा नसतो, बी-वन आणि खसरा असतो, हे गेली कित्येक वर्षं छत्तीसगडात प्लॉट विकूनही त्यांच्या तोंडी बसलेलं नाही. घामाच्या वेळी माणूस मातृभाषेतच घाम पुसतो.

यात त्यांचा तरी काय दोष? जामुलमध्ये १९६५ पासून सिमेंट तयार होतं, पलीकडे पोलाद. भिंत उभी करायला जे जे लागतं ते आम्ही करतो आणि देशभर पाठवतो. खिडकीचं खातं आमच्याकडे नाही. आमच्याकडे खिडकी म्हणजे कूलर बसवायची जागा. मार्चमध्ये त्यात खसच्या ताट्या लागतात, जुलैत कूलर बंद होतो, पण काढणार कोण म्हणून तिथेच राहतो. उरलेल्या फटीत जुनी चादर कोंबलेली असते. ज्या खिडकीत कूलर नाही तीही उघडायची नाही, कारण नंदिनी रोडवरच्या ट्रकांची धूळ. सकाळी पुसलेल्या चौकटीवर दुपारी बोटाने हिशेब लिहिता येतो. आमच्या ओळखीतल्या एक काकू दूधवाल्याचा खाडा तिथेच मांडतात.

खरा वाद झाला तो क्लासवाल्या घरी. भिलाईत मूल चालायला लागलं की आयआयटीच्या दिशेनेच चालतं, हे सर्वांना ठाऊक आहे. नायक गणिताचा प्राध्यापक म्हटल्यावर त्या घरातल्या बापाने मोठ्या उमेदीने पुस्तक मागून घेतलं. तीन दिवसांनी परत. “गणिताचा माणूस, आणि पूर्ण पुस्तकात एकसुद्धा शिकवणी घेत नाही? बायकोला घेऊन तळ्यावर जातो?” त्यांनी ते पोरापासून लपवून वाचलं होतं. आमच्या लहानपणी अशी लपवायची पुस्तकं वेगळ्या प्रकारची असत.

हत्तीबद्दल मात्र कुणी आक्षेप घेतला नाही. हत्ती आमच्या राज्यात खरेच आहेत. त्यांच्यासाठी २०२१ साली लेमरूचं राखीव क्षेत्र जाहीर झालं, १९९५ चौरस किलोमीटरचं. शेजारच्या हसदेवच्या जंगलात कोळसा निघतो, त्यामुळे हत्तींना नकाशा बघून चालावं लागतं, इतकंच. कादंबरीतला साधू पुढे निघून जातो आणि हत्ती प्राध्यापकांच्या दाराशी बांधलेला राहतो. प्राध्यापक कुठल्याही खात्याला अर्ज न करता त्याची काळजी करत बसतात. कल्पनाशक्तीची कमाल म्हणायची ती ही.

“पण हे हिंदीत आहे ना!” हा शेवटचा बाण. दिवसभर हिंदीत भांडून, हिंदीत उधारी वसूल करून, रात्री हिंदी मालिकेत रडणारी माणसं पुस्तक समोर आलं की एकदम मातृभाषेला जागतात. गजानन माधव मुक्तिबोध आपले, हे आपण जयंतीला छाती काढून सांगतो. मराठी घरातला हा माणूस हिंदीत कवी झाला, धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत, आणि घरात कुणी कुणाला परप्रांतीय ठरवलं नाही. गजानन १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. तिथेच कोवळ्या विनोदकुमारच्या कविता त्यांनी वाचल्या आणि छापायला पाठवल्या. म्हणजे ही खिडकी उघडण्यात एक हात मराठी घरातला होता. हे सांगितल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पुस्तक कुणी मागितलं नाही.

मग शुक्लांना ज्ञानपीठ आलं. २०२५ च्या मार्चमध्ये घोषणा झाली, छत्तीसगडच्या लेखकाला पहिल्यांदाच, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. सप्टेंबरात रायपूरला एका कार्यक्रमात प्रकाशकाने त्यांना ३० लाखांच्या रॉयल्टीचा धनादेश दिला, आणि त्या आकड्याने जे केलं ते माझ्या शिफारशीला जमलं नव्हतं. प्लॉटवाले गृहस्थ स्वतः फोन करून म्हणाले, “अहो, तुम्ही त्या खिडकीत पोटेन्शियल आहे म्हणाला होतात ना?” मी तसं म्हणालो नव्हतो. डिसेंबरात शुक्ल गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी हात जोडले त्यांतल्या निम्म्यांनी त्यांचं नाव विनोदकुमार शर्मा लिहिलं होतं.

एक प्रत मात्र खरंच वाचली जाते आहे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअर भाऊंना मी ती दिली होती. त्यांनी समासात पेन्सिलने अंदाजपत्रक मांडलं: चौकटीची उंची अडीच फूट धरून, साडी नेसलेल्या बाईला उतरायला बाहेरून दोन पायऱ्या, सिमेंट अर्धी गोणी. खाली अधोरेखित प्रश्न: ग्रिल का नाही? त्यांच्याकडून ती वहिनींकडे गेली आणि तिथेच राहिली. काल परत मागायला गेलो तर दार भाऊंनी उघडलं. वहिनी घरात नव्हत्या. हाक मारली, मोरी बघितली, गच्ची बघितली. भाऊ सकाळपासून दाराशीच पेपर वाचत बसलेले. त्यांच्यासमोरून कुणी बाहेर गेलेलं नाही म्हणाले. आतल्या खोलीतला कूलर काढून खाली ठेवलेला होता.