गोळी नाही, तर युद्ध कसलं?

हुबळीत सिनेमा सुटला की खरी समीक्षा गिरमिटच्या गाड्यावर होते. ‘‘युद्धपट म्हणे! अख्ख्या सिनेमात एक रणगाडा उडाला नाही. पैसे पाण्यात!’’ आमच्या मित्राने मिरचीभजी मोडत निकाल दिला. त्याचा हिशेब सरळ आहे : जितका धूर, तितकी देशभक्ती.

या हिशेबाने आपल्याच धारवाड जिल्ह्यातले, कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद पडद्यावर यायच्या लायकीचेच नाहीत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर, सुमारे १९,६०० फुटांवर, हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. शत्रूने एक गोळी झाडली नव्हती. सहाव्या दिवशी हनुमंतप्पांना बर्फातून जिवंत काढलं. ११ तारखेला दिल्लीत ते गेले.

यावर सिनेमा काढायचा, तर निर्माता म्हणेल, ‘‘कथा उत्तम! फक्त मध्यंतरापूर्वी एक चकमक घालू.’’ बर्फाला ना गणवेश, ना संवाद. त्याच्यावर टाळ्या कशा पडणार?

मित्राने दुसरी प्लेट मागवली. तो टाळ्यांसाठी थांबू शकतो. सियाचीनवर मात्र गोळ्यांपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनीच जास्त जवान नेले आहेत.