मागच्या सीटचा मान

आमच्या घराण्यात गाडीची मागची सीट म्हणजे मानाची जागा. ड्रायव्हरने पट्टा लावायचा, कारण त्याला पोलीस दिसतो. शेजारच्याने लावायचा, कारण पोलिसाला तो दिसतो. मागच्यांनी मांडी घालून बसायचं आणि चिवड्याची पिशवी फिरवायची. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागे बसले होते, पट्ट्याविना. मागच्यांनाही पट्टा सक्तीचा असल्याचं तेव्हा कुठे लोकांना कळलं. नियम आधीपासूनच होता, हजार रुपये दंडासह.

मी आत्याला पट्टा लावायला सांगितला तर ती म्हणाली, "का रे, तुझ्या चालवण्यावर तुझाच भरवसा नाही?"

भरवशाचं नंतर बघू, आधी पट्ट्याचं बक्कल सापडायला हवं. ते नव्या सीट कव्हरखाली गडप झालेलं. फटीत हात घातला तर आधी चुरमुरे आले, मग खेळण्यातलं एक चाक, मग एक हेअरपिन, जिच्यावर दोघींनी हक्क सांगितला. सगळ्यात शेवटी बक्कल. मग आत्याने पट्टा काखेखालून घेतला. वरून घेतला तर पदराच्या निऱ्या चुरगळतात म्हणे. पट्टा खांद्यावरून छातीवर तिरका यायला हवा आणि खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसायला हवा, हे तिला पटवेपर्यंत लोणावळा आलं.

दाजींचं तत्त्वज्ञान वेगळं. "सहा एअरबॅगा आहेत, पट्टा कशाला?" त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक सावरीच्या कापसाची उशी असावी. एअरबॅग पापणी लवायच्या आत, स्फोटासारखी फुगते. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि ती फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. म्हणून तर छाती आणि स्टिअरिंग यांत निदान 25 सेंटीमीटर अंतर ठेवायचं, आणि पोराला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. दाजींच्या स्वतःच्या गाडीत तर डाव्या एअरबॅगच्या झाकणावरच गणपती चिकटवलेला आहे. विघ्नहर्त्यालाच तोफेच्या तोंडी दिलाय.

पट्टा न लावल्यावर वाजणारी पिपाणी बंद करायला बक्कलात नुसती क्लिप खोचणारे तर अवलियाच. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ही क्लिप हटवायला लावली. काही विक्रेते ती बाटलीचं ओपनर म्हणून खपवत होते. म्हणजे दोन्ही सोयी एकाच नगात!

परतताना गावाकडचा तांदूळ मिळाला. डिकी भरलेली, म्हणून पोतं पुढच्या सीटवर ठेवलं आणि दाजी मागे गेले. गाडी सुरू केली तर पिपाणी थांबेना. वजन बघून गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय. शेवटी आत्यानेच फर्मावलं, "अरे, त्याला लाव पट्टा!" लावला. पोत्याने हुज्जत घातली नाही. दाजी मात्र मागे मांडी घालून, चिवडा खात, त्याच्याकडे बघत होते.