होडीत बसताना गट विचारू नये

‘येथे राजकीय चर्चा करू नये’ ही पाटी महाराष्ट्रात ज्याने पहिल्यांदा लावली, तो माणूस तासगावचा नक्कीच नसणार. आमच्याकडेही सलूनमध्ये ही पाटी आहे, नाही असं नाही. तिच्याच खाली बसून, गळ्याभोवती पांढरं फडकं आणि गालाला साबण अशा अवस्थेत, माणसं बाजार समितीच्या मतांची बेरीज करत असतात. पाटी कुणी रंगवली, तो कुठल्या गटाचा, हाही विषय अधूनमधून निघतो.

त्यामुळे आमच्या नौकानयनाच्या हौशी मंडळींनी ‘इथं राजकारण बंद’ असा ठराव केला, तेव्हाच माझ्या पोटात कालवलं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक कोण, यावरून पहिलं भांडण झालं.

तासगावात नौकानयन? असं कुणीही विचारेल. विचारावंच. सह्याद्री ओलांडल्याशिवाय आम्हाला समुद्र नाही. नदी आहे, येरळा. नकाशात ती निळी आहे. प्रत्यक्षात तिचा रंग बघायला पावसाळ्याची वाट बघावी लागते. पण हौसेला पाणी लागतंच असं नाही. मुंबईत राहून शेतीचे सल्ले देणारी माणसं आपण ऐकतोच की.

ही हौस आम्हाला लागली ती सांगलीत. ऑगस्टच्या सुमाराला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, डिग्रज अशा गावांच्या होड्या लांबच लांब, निमुळत्या. आयर्विन पुलाच्या कठड्याला माणसं अशी चिकटलेली असतात की खालची होडी बघायची म्हटलं तर आधी पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवावी लागते. एका लयीत वल्ही पाण्यात जातात आणि काठावरून जो आरडाओरडा होतो, तो ऐकून आमच्यातले मास्तर पहिल्या वर्षी ‘आपणही एक होडी करू’ म्हणाले. बक्षीस कुणाच्या नावाने आहे, निशाण कोण दाखवणार, मंडपात मधल्या खुर्चीत कोण, आणि तो येईपर्यंत पोरं वल्ही धरून किती वेळ ताटकळणार, हे सगळं तेव्हाही डोळ्यांसमोर होतं. पण होडीवर प्रेम जडलं की माणूस मंडपाकडे बघत नाही.

मंडळी मोजकीच. मास्तर. आरमारातून निवृत्त होऊन गावी परतलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे ‘नेव्हीवाले’ म्हणतात. ‘बेदाणेवाले’, ज्यांच्या शेडवर आमच्या बैठका होतात, आणि जे एका गटाचे कट्टर आहेत. एक ‘सर्कल’, महसूल खात्यातून निवृत्त, ते दुसऱ्या गटाचे. आणि मी, ज्याला दोन्ही गट आपला समजत नाहीत, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे.

नियम पाळायचा आम्ही मनापासून प्रयत्न केला. अडचण आली ती पाण्याची.

होडी टाकायला जागा एकच. येरळेवरच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचा फुगवटा. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतील तर मागे पाणी, बर्गे काढले की वाळू. आता बर्गे कधी घालायचे आणि कधी काढायचे, हा प्रश्न तुम्हाला पाटबंधारे खात्याचा वाटेल. वरच्या गावाला बर्गे हवे असतात, खालच्या गावाला नको असतात, आणि रात्रीतून एखादा बर्गा आपणहून निघून जातो. मग मोटरसायकली फिरतात, फोन होतात, निवेदनं जातात. पाऊस दगा देईल त्या वर्षी तर येरळेत पाणी यायला ताकारी नाहीतर आरफळमधून सोडावं लागतं, आणि ते सोडायला कुणीतरी कुणालातरी बोलावं लागतं. नेव्हीवाले नवखेपणाने एवढंच म्हणाले, “पाणी कधी येणार, एवढंच विचारलं मी.” सर्कल गंभीरपणे म्हणाले, “हा राजकीय प्रश्न झाला. ठरावात बसत नाही.”

म्हणजे तासगावात बोटिंगवर बोलायचं, पण पाण्यावर बोलायचं नाही! नेव्हीवाले हताश होऊन म्हणाले, की अरबी समुद्रात निदान आवर्तनाची वाट बघावी लागत नव्हती.

मग शिडाचा प्रश्न आला. वल्ह्याच्या होड्या सांगलीकरांकडे आहेत, आपली शिडाची हवी, हा नेव्हीवाल्यांचा आग्रह. होडी एका सुताराने कशीबशी उभी केली. पण शीड कशाचं करायचं? कापड महाग, ताडपत्री जड, बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी वारं धरत नाही. हलकं, मजबूत, हव्या त्या मापाचं आणि फुकट असं तासगावात एकच वस्त्र मिळतं. फ्लेक्स. वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. आमच्याकडे डोलकाठीवर गेला.

फ्लेक्स बेदाणेवाल्यांनी आणला, तेव्हा साहेब अर्थातच त्यांचेच निघाले. दहा फुटी साहेब, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. सर्कलनी बघितलं आणि चपला घातल्या. “या शिडाखाली मी बसलो तर घरात घेणार न्हाईत मला.” फ्लेक्स उलटा लावून बघितला. पण ऊन पलीकडून आलं की साहेब आरपार दिसत, आणि उलटी अक्षरं वाचायला आख्खं गाव काठावर जमे.

शेवटी सर्कलनी आपल्या साहेबांचा फ्लेक्स आणला आणि दोन्ही पाठीला पाठ लावून शिवले. वारं या बाजूनं आलं की एका साहेबांचं पोट पुढं येई आणि दुसऱ्यांचं खपाटीला जाई. होडी वळवली की उलट. दोघांचं मिळून जे शीड झालं ते मात्र फाटता फाटेना. “आघाडी म्हणत्यात ती हीच,” मास्तर म्हणाले, आणि स्वतःलाच ठराव मोडल्याबद्दल पाच रुपये दंड करून घेतला.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, हे नेव्हीवाल्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. आधी उजवीकडे तिरकं जायचं, मग शीड फिरवून डावीकडे तिरकं, मग पुन्हा उजवीकडे. असं नागमोडी करत करत, ज्या दिशेनं वारं येतंय तिथंच पोचायचं. आम्हाला वाटलं होतं हे समजायला आठवडा जाईल. बेदाणेवाल्यांना पहिल्याच रेघेला समजलं. “एवढंच? आमच्या तालुक्यात हे पोराटोरांना येतंय.”

शर्यत घ्यायची म्हटलं तर वेळ मोजायला घड्याळ आणि सुरुवातीला तुतारी हवी. इथं नेव्हीवाल्यांना सगळा इतिहास सांगावा लागला. आर. आर. आबा 1999 पासून घड्याळ या चिन्हावर निवडून येत गेले. 2024 च्या विधानसभेला आबांचे चिरंजीव रोहित पाटील उभे राहिले ते तुतारी वाजवणाऱ्या माणसावर. समोर घड्याळ होतं संजयकाका पाटलांचं, आणि काकांनी त्याच वर्षीची लोकसभा लढवली होती कमळावर. तुतारी जिंकली. त्याआधी लोकसभेला सांगलीत अपक्ष विशाल पाटलांचा लिफाफा निवडून आला होता, म्हणून मी वर्गणीचं पाकीट फिरवलं तर तेही कुणी सहज हातात घेईना. नेव्हीवाले सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “भरती-ओहोटीचं निदान कोष्टक मिळतं.”

शर्यतीची सुरुवात अखेर ताट वाजवून केली. ताट हे चिन्ह कुणाचं आहे का, याची सर्कल अजून चौकशी करतायत.

आता असं वाटेल की हे तासगावचंच खूळ आहे, बाहेरचं जग शुद्ध हौसेनं शीड उभारतं. मास्तरांनी वाचनालयातून शोध घेतला तेव्हा उलटंच निघालं. चहाचा तो प्रसिद्ध लिप्टन 1899 ते 1930 या काळात ‘अमेरिकाज कप’ या शर्यतीत पाचदा उतरला आणि पाचही वेळा हरला. पण इंग्लंडच्या ‘रॉयल यॉट स्क्वॉड्रन’ या बड्या क्लबानं त्याला सभासद करून घेतलं ते 1931 मध्ये, त्याच्या मरणाच्या वर्षी. कारण तो किराणा विकायचा! आमच्याकडे पाचदा पडलेल्या माणसाला निदान तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद तरी देतात. (ही तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली गृहमंत्री असताना आबांनी आणली. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. तंटा काय चीज आहे हे जवळून पाहिलेल्यालाच ती सुचणार.)

दुसरे एडवर्ड हीथ. 1969 च्या डिसेंबरात त्यांनी ‘मॉर्निंग क्लाउड’ या स्वतःच्या नौकेवर सिडनी ते होबार्ट शर्यत मारली, आणि 1971 मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान असताना, संघाचे कप्तान होऊन ‘अ‍ॅडमिरल्स कप’ जिंकून आणला. मास्तर फार कौतुकानं सांगत होते. बेदाणेवाल्यांनी एकच विचारलं, “पुढच्या निवडणुकीला?” 1974 ला सत्ता गेली, मास्तर म्हणाले. “जाणारच. मयती-लग्नाला फिरायचं सोडून होडीत फिरलंय!”

नेव्हीवाल्यांचं दैवत वेगळं. कमांडर दिलीप दोंदे. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे पहिले भारतीय. “एकटा माणूस, एक नौका. कसलं राजकारण आणि कसलं काय,” नेव्हीवाले म्हणाले. आम्हालाही पटलं. एकट्यानं जायचं म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्षाचा वादच मिटला. मग मास्तरांनी नौकेचं नाव विचारलं. ‘म्हादेई’. गोव्यात बांधलेली, मांडवीचं जुनं नाव लावलेली. आणि म्हादेईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक किती वर्षं भांडतायत, हे सर्कलना तोंडपाठ. नेव्हीवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर हा तालुका राजकारणाला बाहेर ठेवील कसा? 3 सप्टेंबर 1942 ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा जाऊन तिरंगा लागला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली. पुढच्या वर्षी 24 जुलैला वसंतदादा साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निघाले ते भर पावसाळ्यातल्या कृष्णेच्या दिशेनं. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो तेव्हा दोराला हात लावताना कुणी गट विचारत नाही, हे खरं आहे. पण दोर आमच्या पटवर्धनांच्या काळापासूनचा आहे आणि होडी परवाची.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली; धोक्याची पातळी 45 आहे. 8 तारखेला ब्रह्मनाळला, जिथं आमची येरळा कृष्णेला मिळते तिथं, पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. 17 जीव गेले. त्याच दिवसांत मदतीच्या पाकिटांवर चिकटवलेले फोटोही महाराष्ट्रानं पाहिले, आणि होडीतून हात हलवणारा मंत्रीही.

त्या पुराचा विषय एकदा शेडवर निघाला. ठरावाप्रमाणे मी वही उघडली, दंड लिहायला. बेदाणेवाले म्हणाले, “लिही. किती लिहायचा तो लिही. पण गावात दुसरी होडी असती तर? दोन खेपा झाल्या असत्या का नसत्या?” गटाच्या बाबतीत त्यांच्याशी आयुष्यात एकमत न झालेले सर्कल म्हणाले, “झाल्या असत्या.” नदीकाठच्या कुठल्या गावात चालू स्थितीतली होडी आहे, कुठं गंजलेली, लाइफ जॅकेट किती, ती कुणाच्या कुलपात आणि किल्ली कुणाच्या खिशात, याची यादी करायचं त्या रात्री ठरलं. ती यादी ग्रामपंचायतीत, तहसिलात, जिल्हा परिषदेत न्यायची. याला राजकारण म्हणत नाहीत तर काय म्हणतात? मी वही मिटली.

माझं मत विचाराल तर हौशी मंडळात पाण्याचं, बर्ग्यांचं आणि होडीचं राजकारण पाहिजेच. कोण निवडून येणार, हे मात्र काठावर बोलावं, कारण होडी अरुंद आहे आणि हे बोलताना तासगावचा माणूस उठून उभा राहतो. उभा राहिला की दोन्ही गट एकदम पाण्यात. अनुभव आहे.

जुना ठराव आम्ही रद्द केला. रद्द करण्याला सूचक सर्कल, अनुमोदक बेदाणेवाले. दंडाच्या पैशातून शिडाला नवी दोरी आली.

बर्गे जागेवर राहिले तर येत्या रविवारी सकाळी होडी पाण्यात आहे. ज्याला यायचं त्यानं जरूर यावं. लाइफ जॅकेट बरोबर आणावं, उपरणं घरी ठेवावं.