एजंटाची बडदास्त

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने एआयला बाहेरच्या साधनांशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, आणि साधन कसं वापरायचं याचं यंत्रासाठी माहितीपत्रक लिहिणं हा एक धंदाच झाला. समजा, बाजारभाव शोधून देणारं साधन आहे. एआय एजंटला आधी सगळं गोडीगुलाबीनं समजावायचं: धामणगाव म्हणजे धामणगाव रेल्वे, धामणगाव गढी नव्हे, बुलढाण्याकडचं धामणगाव बढे तर नव्हेच. 'सर्वसाधारण दर' म्हणजे किमान-कमालची सरासरी नाही. बहुतेक माल ज्या भावानं गेला, तो. आवक नसेल तर तसं सांगावं, कालचा भाव आजचा म्हणून खपवू नये. रकाना चुकला तर कुठं चुकला तेही कळवायचं, म्हणजे बिचारा पुन्हा विचारेल.

आणि सोयाबीनची पोती घेऊन यार्डात उभा असलेला शेतकरी? त्यानं ओलावा किती निघाला एवढंच विचारलं, तर उत्तर येतं, "थांब ना बे!" सातबारासाठी गट नंबर चुकला, तर "उद्या या." उद्या कशाला, हे कुठल्याच पत्रकात नसतं.

तेव्हा पुढच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' खोडून 'एआय एजंट' लिहायची मुभा द्या राजेहो.