बाटलीवरचा आकडा

गाडीवरचे ओरखडे घालवायचे तर आधी पॉलिशच्या बाटल्यांची कुंडली मांडावी लागते. मेन्झर्ना कंपनीचं ४०० नंबर जोरात कापतं, ३८०० हलकेच चमकवतं. आकडा मोठा तेवढा माल नाजूक, पॉलिश पेपरसारखं. हे घोकून मग्वायर्स कंपनीकडे वळलात, तर १०५ कापतं, २०५ चमकवतं. जमतंय म्हणेपर्यंत ७ नंबर समोर येतो. हिशेबाने त्याने रंग पत्र्यापर्यंत खरवडायला हवा. प्रत्यक्षात त्यात घासणारे कणच नाहीत, नुसती तेलकट झळाळी! पुढे 'अल्टिमेट' कंपाउंड, त्यावर 'अल्टिमेट' पॉलिश, त्यावर 'अल्टिमेट' वॅक्स. अंतिम गोष्टी ओळीने तीन. रूपेसवाल्यांनी निदान रंग ठरवून दिलेत: निळं सगळ्यांत खरखरीत, पांढरं सगळ्यांत मऊ. एवढं सोपं ठेवल्यावर गिऱ्हाइकाला तज्ज्ञ झाल्यासारखं कसं वाटणार?