स्थानिक जाणकाराचा शोध

कोल्हापुरातील पावसाळी लोकव्यवहाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याने पंचगंगेपेक्षा गल्लीच्या ग्रुपकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ‘पाणी कुठंवर आलंय?’ या प्रश्नाचे उत्तर नदीकडे पाहून देण्याऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे मजकुराच्या अफाट साठ्यावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अदमास बांधणाऱ्या संगणकीय प्रणालीला, विचारून देण्याची रीत तेथे पडली आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे ती बिनचूक सांगते, नागरिकांनी घाबरून जाऊ नये असे सुचवते आणि शेवटी न चुकता लिहिते, ‘अधिक माहितीसाठी स्थानिक जाणकारांशी संपर्क साधावा.’

प्रस्तुत विवेचनाचा विषय हे शेवटचे वाक्य आहे.

शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला पाणी लागले, म्हणजेच ‘मच्छिंद्री झाली’, की दावणीच्या म्हशी सोडायच्या, हे ज्याला कोणी शिकवावे लागत नाही तो स्थानिक जाणकार होय. तो दुर्मीळ नाही. तो त्याच ग्रुपमध्ये असतो. किंबहुना यंत्राला प्रश्न विचारणारा तोच, आलेले उत्तर पुढे ढकलणारा तोच आणि त्याखाली अंगठे उमटवणारे त्याच्याच आळीतले बाकीचे जाणकार. घाटावरून परतताना ज्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली आहे तोही ती पिळण्याआधी यंत्राचे उत्तर वाचतो, आणि त्यातील आकडा गुडघ्याशी जुळला नाही तर शंका गुडघ्याची घेतो. वास्तविक राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, म्हणजे तलाव भरला की माणसाचा हात न लागता उघडणारे दरवाजे, हेही यंत्रच. परंतु ते प्रत्येकी १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सोडतात आणि त्यावर परिच्छेद लिहीत बसत नाहीत.

माणसाचा अदमास चुकत नाही, असे येथे सुचवायचे नाही. ‘२००५ ला हितं पाणी आलं न्हवतं’ या भरवशावर घरात थांबलेल्या अनेकांना २०१९ च्या पुरात चिखली-आंबेवाडी परिसरातून नावेने बाहेर काढावे लागले. मात्र असा भरवसा देणाऱ्यालाही त्याच नावेत बसावे लागते आणि निवारा केंद्राच्या पंगतीत भावकीच्या शिव्या खाव्या लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी तो एक फूट आधी ओरडतो. यंत्राला ना नाव लागते, ना भावकी असते. एवढे ठाऊक असूनही ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागते त्यांनीच डोळे गहाण टाकावेत, हा शुद्ध आळस आहे. त्याला तंत्रज्ञानाची आवड म्हणणे हा त्याहून मोठा निर्लज्जपणा आहे.

अलीकडे ‘आपल्या भागातला स्थानिक जाणकार कोण?’ हाही प्रश्न यंत्रालाच विचारला जातो. चार परिच्छेदांच्या उत्तरात ग्रुपच्या अ‍ॅडमिनला विचारावे, असा सल्ला येतो, आणि अ‍ॅडमिन ते उत्तर सर्वांच्या सोयीसाठी तत्काळ पिन करून ठेवतो.