नाव तेवढं बदलून द्या

वकिलांच्या कार्यालयात कुलमुखत्यारपत्र हा किरकोळ दस्त समजला जातो. माझी पहिली तक्रार या समजुतीबद्दल आहे. खरेदीखत आलं की वकीलसाहेब स्वतः मसुद्याला बसतात. कुलमुखत्यारपत्र आलं की ते मदतनिसाकडे जातं. तो कधी जुना कारकून असतो, कधी नुकतीच कायद्याची पदवी घेतलेली मुलगी, कधी कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट. मागच्या पक्षकाराची फाइल उघडायची, नाव-पत्ता-वय बदलायचं आणि छापायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. माणूस आपली सही दुसऱ्याच्या हाती सोपवतो तो हा कागद, आणि त्यासाठी देणाऱ्याला एक प्रश्नसुद्धा कोणी विचारत नाही.

नावही धड बदललेलं नसतं. पहिल्या पानावर लिहून देणार बाई, तिसऱ्या पानावर त्यांचा ‘पुरुष’ झालेला. मिळकतीच्या वर्णनात गट नंबर नवा आणि चतुःसीमा जुन्याच. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर आडनाव आधी. अशा वेळी ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं एक वाक्य सुरुवातीला घालावं लागतं. ते घातलेलं नसतं. मग दुय्यम निबंधकांच्या टेबलावर दस्त अडतो आणि रजा काढून आलेला मुलगा तसाच परत जातो.

दोन कुलमुखत्यार नेमले तर दोघांनी मिळून सही करायची की एकट्याची चालेल, हेही कुठे लिहिलेलं नसतं.

अधिकारांच्या कलमांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. एखाद्या आजोबांना मुलाने वीजबिल भरावं, सोसायटीच्या सभेला जावं, भाडेकरूशी करार करावा, इतकंच हवं असतं. छापून मिळतात बारा पानं. त्यात विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं, दावा तडजोडीने मिटवणं, सगळं आलेलं असतं. ‘सगळं टाकून ठेवलंय, पुन्हा यायला नको’ असं मदतनीस वर सांगतो. आजोबांना ते चांगलंच वाटतं. राहतं घर विकण्याचा अधिकार आपण आज देऊन टाकला, हे त्यांना कोणी वाचून दाखवलेलंच नसतं.

याच्या उलटही होतं, आणि तेही तितकंच जाचक. घर विकण्यासाठीच कुलमुखत्यारपत्र हवं असतं, पण मसुद्यात ‘व्यवस्था पाहणे, भाड्याने देणे, नोंदणीसाठी लागतील त्या सह्या करणे’ एवढंच असतं. न्यायालयं हा कागद काटेकोर वाचतात. केरळमधल्या एका बहिणीने दुसरीला 1971 साली दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचा निकाल सर्वोच्च न्यायालयात 2022 साली लागला. विक्रीचा अधिकार त्यात स्पष्ट दिलेला नव्हता. भाड्याने देण्याच्या किंवा दस्त नोंदवण्याच्या अधिकारातून विक्रीचा अधिकार ओढून काढता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मध्ये पन्नास वर्षं गेली. दोन शब्द असण्या-नसण्यावर ती अवलंबून होती. म्हणून टाइप करणाऱ्याने आधी देणाऱ्याला, घेणाऱ्याला नव्हे, बाजूला बसवून विचारावं: तुम्हाला नेमकं कोणतं काम करून हवं आहे? कोणतं मुळीच नको आहे? नको असलेलंही कागदावर लिहावं.

नातं लिहायला विसरतात, याचा मला विशेष राग आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतला 48 वा अनुच्छेद कुलमुखत्यारपत्राचा. मोबदला न घेता स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार आईवडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं अशा जवळच्यांना दिला तर मुद्रांक 500 रुपये. परक्याला दिला तर बाजारमूल्यावर, खरेदीखताइतका. फरक लाखांत जाऊ शकतो. मसुद्यात मात्र ‘श्री. अमुक, वय 42, धंदा नोकरी’ एवढंच. तो लिहून देणाऱ्या बाईंचा मुलगा आहे, हे लिहायला अर्धी ओळही लागत नाही. नात्याचा पुरावाही तेव्हाच जोडून घ्यावा. मुद्रांकही पक्षकारांपैकी एकाच्या नावे घ्यायचा असतो, कार्यालयातल्या कोणाच्या नव्हे. आणि विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत तो वापरावा लागतो. कपाटातला जुना कागद काढून पक्षकाराच्या गळ्यात मारू नये.

परदेशातल्या मुलांचे हाल तर मी नेहमी पाहते. एडिसनला किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मुलाला ईमेलने मसुदा जातो आणि ‘सही करून पाठव’ एवढाच निरोप. ती सही नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर व्हायला हवी, हे त्याला कोणी सांगत नाही. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. हेही आईवडिलांना कळवलेलं नसतं, आणि पाकीट गोदरेजच्या कपाटात सुरक्षित पडून राहतं.

तिकडचे नमुने इंटरनेटवरून उतरवून घेणारे आणखी मोठं नुकसान करतात. अमेरिकी नमुन्यात एक कलम असतं: देणारा पुढे मानसिकदृष्ट्या अक्षम झाला तरी हे अधिकार चालू राहतील. त्याचं मराठी करून ते आपल्याकडे चिकटवतात. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्यारी संपते. अपवाद आहे तो मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तेव्हाचा, आईच्या बँक खात्याचा नव्हे. मुलगी त्या कलमावर विसंबून निर्धास्त राहते. आईला स्मृतिभ्रंश होतो, आणि ऐन गरजेच्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. हे आई धडधाकट असताना सांगितलं असतं तर तिने संयुक्त खातं उघडलं असतं, नामनिर्देशन केलं असतं. याहून वाईट म्हणजे, ज्या वडिलांना मुलाचं नाव आठवत नाही त्यांचा अंगठा घेऊन ये, असं सुचवणारे मदतनीसही आहेत. अशा वेळी काम नाकारणं हाच त्यांचा धर्म आहे.

अंथरुणाला खिळलेल्या आजीला खुर्चीत बसवून दोघे-तिघे निबंधक कार्यालयाचा जिना चढवतात, ते पाहून मला त्या माणसांचा नाही, त्यांना सल्ला देणाऱ्याचा राग येतो. देणारा भारतात राहत असेल आणि दस्त नोंदणीसाठी हजर करण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर नुसती नोटरी पुरत नाही. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 प्रमाणे निबंधक किंवा दुय्यम निबंधकांसमोर अधिप्रमाणन करावं लागतं. एवढं अर्धं कलम सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना येणं धोक्याचं आहे त्यांना कार्यालयात यायची सक्ती नाही. अधिकारी घरी जाऊन खात्री करू शकतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो, वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. तो अर्ज लिहिणं हे मदतनिसाचंच काम आहे, आणि एका पानाचं आहे.

शेवटी रद्द करण्याचं. नमुन्यात ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द होता म्हणून तो राहू दिलेला असतो, देणाऱ्याला न विचारता. तो काढावा. रद्द कसं करायचं, हे दस्त देतानाच समजावून सांगावं: नोंदवलेला दस्त असेल तर रद्दपत्रही नोंदवा, कुलमुखत्याराला लेखी नोटीस द्या, बँक, सोसायटी आणि भाडेकरूला कळवा. रद्द झाल्याचं ज्याला माहीत नाही, अशा माणसाने कुलमुखत्याराशी केलेला व्यवहार देणाऱ्यावर बंधनकारक ठरू शकतो. आणि मूळ प्रत परत मागून घ्या. कुलमुखत्याराच्या ताब्यात मूळ प्रती किती दिल्या, कोणाला दाखवल्या, याची नोंद कार्यालयाच्या वहीत असावी. मी मागितली तेव्हा ती वही मला अजून एकाही कार्यालयात दिसलेली नाही.